सात खोल्यांचं ओव्हरबुकिंग

आमच्या लॉजला सात खोल्या आहेत आणि सासूबाई बुकिंग आठ घेतात. हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही. मुलगा निर्व्यसनी आहे, घर स्वतःचं आहे, सासूबाई स्वभावाने मोकळ्या आहेत, एवढं सगळं सांगितलं, आणि ते खरंही निघालं. आठव्या बुकिंगबद्दल मात्र सगळे मिठाची गुळणी धरून बसले.

"आठातला एक येतच नाही," हा सासूबाईंचा सिद्धांत. कुणाचं मूल तापाने फणफणतं, कुणाची गाडी ऐन वेळी बंद पडते, कुणाचं निघता निघता नवरा-बायकोचं वाजतं. "भांडणारे मला फोनवरच कळतात," असं त्या सांगतात. "बाई एक तारीख सांगते आणि मागून नवरा दुसरीच ओरडतो." आमच्या गावाला मोठं तळं आहे. उन्हाळ्यात लोक पोहायला, होड्यांत बसायला आणि काहीच न करायला येतात. तेवढ्या दिवसांच्या कमाईवर आमचं उरलेलं वर्ष निघतं, त्यामुळे सीझनमध्ये रिकामी खोली सासूबाईंना बघवत नाही. तिच्या दारावरून जाताना आत कुणी उपाशी झोपलंय असं त्यांचं तोंड होतं.

सिद्धांत बहुतेक वेळा खरा ठरतो. कधीकधी मात्र आठही जण हसत हसत, बॅगा ओढत दारात उभे राहतात. मग घरचे आपली खोली देतात. पहिली जाते सासू-सासऱ्यांची. आठव्यांचा गोतावळा मोठा निघाला तर मुलाचीही. आपण सगळ्यांनी जेवणघरात जायचं, टेबलं भिंतीला सारायची, खुर्च्या त्यांच्यावर उलट्या ठेवायच्या आणि मधल्या जागेत गाद्या घालायच्या. सकाळी पाहुणे नाश्त्याला यायच्या आत सगळं पुन्हा होतं तसं. सासऱ्यांना याचं काहीच वाटत नाही. त्यांना कुठेही झोप लागते. खुर्चीवरच्या त्यांच्या डुलक्या बघून मला कित्येकदा वाटलंय, की या माणसाला पलंग म्हणजे निव्वळ उधळपट्टी आहे.

माझी पाळी आली ती लग्नानंतर थोड्याच दिवसांत. मी अंघोळीला गेले तेव्हा आम्हा दोघांची म्हणून एक खोली होती. केस पुसत परत आले तर माझ्या आरशासमोर एक गृहस्थ तोंडाला साबण फासून दाढी करत होते. त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "ताई, जरा गरम पाणी मिळेल का?" मी दिलं. काय करणार? आमच्या बॅगा जिन्याखाली होत्या, वर चादर घालून नीट झाकलेल्या. सासूबाईंनी काळजी घेतली होती, हे कबूल करायलाच हवं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंड उघडलं. लग्नाआधी मी शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करत होते, तेव्हा हा विषय मला नवा नव्हता.

"आई, तुम्ही करता त्याला ओव्हरबुकिंग म्हणतात," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, त्या वरमतील. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे याला नाव आहे?"

"आहे. असलेल्या जागेपेक्षा जास्त बुकिंग घ्यायचं, कारण काहीजण येणार नाहीत हे धरून चालायचं. मोठी हॉटेलं करतात. विमानवालेही करतात."

"अहो, ऐकलंत का," त्यांनी सासऱ्यांना हाक मारली, "आपण इतकी वर्षं करतोय ना, ते विमानवालेसुद्धा करतात."

सासऱ्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. त्याला विमानात काय म्हणतात ते नव्हतं माहीत."

"पण आई," मी हेका सोडला नाही, "सगळेच आले तर तिथे एकाची माफी मागतात, आपल्या खर्चाने गाडी करून देतात आणि त्याला दुसऱ्या हॉटेलात पोचवतात. घरच्यांच्या खोल्या नाही देत."

"दारात आलेल्याला दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतात?" सासूबाईंनी कानाला हात लावला. "ते नाही हं जमायचं. ते त्या विमानवाल्यांनाच लखलाभ."

शब्दातला अर्धा अर्थ त्यांनी ठेवून घेतला आणि उरलेला अर्धा मला परत केला. पुढे तो शब्द घरात सगळीकडे फिरायला लागला. दोरीवर कपडे मावले नाहीत की ओव्हरबुकिंग. फ्रीजचं दार लागलं नाही की ओव्हरबुकिंग. एकदा नणंद नवऱ्याला आणि जुळ्यांना घेऊन माहेरपणाला आली, आणि त्याच दिवशी तिची सासूही येऊन टेकली. तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात तोच शब्द कुजबुजल्या आणि आम्ही दोघी ओट्याला धरून हसलो. त्यांच्याशी माझं जमतं. खोलीचा प्रश्न नसता तर आमचं भांडणच झालं नसतं.

"समोर पाठवा की एखाद्याला," असं मी एकदा सुचवलं होतं. समोर म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. तिथे आमच्याएवढाच एक लॉज आहे, फक्त त्याला वर गच्ची आहे, आणि मालकीण रोज संध्याकाळी त्या गच्चीवर उभी राहून रस्त्याची देखरेख करते. तिला आमच्या घरात गच्चीवाली म्हणतात. सासूबाई आणि ती पूर्वी एकमेकींकडे विरजणापासून कात्रीपर्यंत सगळं मागायच्या. मग एकदा आमचेच काही पाहुणे बाहेर उभे असताना ती वरून म्हणाली, "यांच्याकडे खोल्या कमी पडल्या की टेबलाखाली झोपवतात म्हणे." ती कदाचित थट्टेतही म्हणाली असेल. सासूबाईंना ते वर्मी लागलं, कारण पाहुण्यांना नाही तरी घरच्यांना त्या खरंच टेबलांशेजारी झोपवत होत्या. तेव्हापासून बोलणं बंद. "तिच्या दारात जागा मागायला जायच्या आधी मी तळ्यात जाऊन झोपेन," असं त्या म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

माझा प्रश्न मात्र मिटला नव्हता. जेवणघरात नवऱ्याशी चार शब्द बोलायचे तर सासऱ्यांच्या घोरण्याच्या तालात बोलावे लागायचे. भांडायची तर सोयच नाही, आणि नवीन लग्नात भांडणाची काही कमी गरज नसते. शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, "माळ्याचं काय?"

माळ्यावर मोडक्या खाटा, जुन्या गाद्या आणि गंजलेल्या बादल्या भरून ठेवलेल्या होत्या. लॉजचं सुतारकाम आणि नळाची कामं नवराच करतो, तेव्हा हात त्याचे होते आणि मुकादमकी माझी. थंडीत पाहुणे नसतात, त्या दिवसांत आम्ही दोघांनी माळा रिकामा केला, तिथली अडगळ खालच्या आमच्या खोलीत छतापर्यंत रचली, फळ्या बदलल्या, भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. छप्पर दोन्ही बाजूंनी उतरतं असल्यामुळे ताठ फक्त मधोमध उभं राहता येतं. बाकी ठिकाणी नम्रपणे वागावं लागतं. रस्त्याच्या बाजूला एक खिडकी, तिच्याखाली पलंग, एक कपाट, आणि दाराला आतून पितळी कडी. ती कडी मी स्वतः दुकानात जाऊन निवडली. इतक्या आनंदाने मी दागिन्यांचीही खरेदी केली नव्हती.

खोली तयार झाली तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं, "आई, ही खोली भाड्याने जाणार नाही. कुणीही आलं तरी."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांच्या 'बरं'चे अनेक प्रकार आहेत. हा कुठला ते मला कळलं नाही. नवऱ्याला मात्र मी स्पष्ट सांगून ठेवलं. शहरातल्या माझ्या जुन्या हॉटेलने मला परत बोलावलं होतं, वर राहायला खोलीही देणार होते. मी त्यांना अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. "ही खोली गेली तर मी तिकडे जाणार," मी म्हटलं. "तुला यायचं असेल तर ये. नाहीतर सुट्टीला येईन. बुकिंग करून."

तो हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

सीझन लागला. सुरुवातीचे दिवस छान गेले. दिवसभराची कामं उरकून आम्ही वर जायचो, मी कडी लावायचे, आणि त्या कडीचा आवाज झाला की माझ्या अंगातला सगळा शीण उतरायचा. मी सुखात होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण तक्रारी सांगताना माणूस सुखाचं सांगायला विसरतो.

मग तो शनिवार आला. तळ्यावर होड्यांच्या शर्यती होत्या आणि गावात पाय ठेवायला जागा नव्हती. दुपारपर्यंत आमच्या सातही खोल्या भरल्या. चहाच्या वेळी आठवे आले, दोन मुलं आणि एक आजोबा घेऊन. सासूबाईंनी जराही न डगमगता आपली खोली उघडली, सासऱ्यांनी आपली उशी काखेत मारली आणि जेवणघराचा रस्ता धरला. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. मी काउंटरवर चाव्या लावत होते आणि मनात म्हणत होते, सुटलो.

तेवढ्यात दारात दोघं आले. विशी-पंचविशीतले, घामाघूम, प्रत्येकाच्या हातात एक कोरी करकरीत बॅग. तिच्या हातावरची मेंदी अजून पुरती उतरली नव्हती. "आमचं बुकिंग आहे," तो म्हणाला. "फोनवर केलं होतं. मावशींशी बोलणं झालं होतं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई आपल्या बोटांकडे पाहत होत्या.

"ते आठवे येणार नाहीत असं मला वाटलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "फोनवर त्यांचे आजोबा सारखे खोकत होते. आणि या मुलीने फोनवर इतकं गोड विचारलं, की लग्नानंतर पहिल्यांदाच कुठे निघालोय. माझ्या तोंडून 'नाही' निघालंच नाही."

म्हणजे यंदा आठवर नववं. ओव्हरबुकिंगचंही ओव्हरबुकिंग. सासरे जेवणघराच्या दारातून डोकावले आणि त्यांनी वर छताकडे पाहिलं. नवरा पाना घेऊन मागच्या नळाकडे निघाला होता, तो थांबला, आणि त्यानेही वर पाहिलं. ती नवी मुलगीसुद्धा वर पाहायला लागली, बिचारीला वाटलं असेल तिथे काहीतरी आहे.

होतंच. माझी खोली होती.

मला त्या दोघांचा राग यायला हवा होता, तो येईना. तिच्या जागी मीच उभी आहे असं वाटत होतं, आणि त्यामुळे सगळ्यांचाच राग आला. सासूबाईंचा आला, त्यांच्या गोड जिभेचा आला, नवऱ्याच्या गप्प बसण्याचा आला. घर माझं आणि त्यातली एक खोली मी राखू शकत नाही, याचं वाईटही वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जरा जास्तच तोडून बोलते.

"घ्या," मी चाव्यांचा जुडगा काउंटरवर ठेवला. "वर जाऊन चादरी बदलते."

कुणी अडवायच्या आत मी जिना चढले. वर येऊन पलंगावरची चादर ओढली, उशांचे अभ्रे काढले. मग पलंगाखालून माझी बॅग ओढून काढली आणि कपाटातले कपडे तिच्यात कोंबायला लागले. घड्या मोडल्या तर मोडू देत म्हटलं. उद्या सकाळी शहरात फोन करायचा आणि हो म्हणून टाकायचं, माझं ठरलं. डोळ्यांना पाणी येत होतं आणि ते आल्याचा वेगळा राग येत होता. तोंड पुसायला म्हणून मी खिडकीशी वळले.

खाली सासूबाई रस्ता ओलांडत होत्या.

त्यांच्या दोन्ही हातांत त्या दोघांच्या बॅगा होत्या. मागून ती दोघं, आणि "मावशी, आम्ही घेतो ना" असं काहीतरी म्हणत तो मुलगा. सासूबाई ऐकत नव्हत्या. गुडघा दुखत असला की त्या एका बाजूला कलत चालतात, तशा कलत चालल्या होत्या. समोर गच्चीवाली नेहमीच्या जागी उभी होती. शनिवार संध्याकाळ, सगळा रस्ता माणसांनी भरलेला, आणि ती वरून पाहतेय. सासूबाई रस्त्याच्या मधोमध क्षणभर थांबल्या. मला वाटलं, आता परत फिरतील. अडला हरी गाढवाचे पाय धरतो खरा, पण आमच्या हरीला मी ओळखत होते. तळ्यात झोपणारी बाई ती.

त्या परत फिरल्या नाहीत. त्यांनी मान वर करून गच्चीकडे पाहिलं आणि काहीतरी म्हटलं. मला ऐकू आलं नाही. गच्चीवाली कठड्यावरून पुढे वाकली, "काय?" असं विचारल्यासारखी. सासूबाईंनी पुन्हा सांगितलं, या वेळी रस्त्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, आणि मलाही ऐकू आलं.

"माझ्याकडे जागा नाही. तुझ्याकडे आहे का?"

गच्चीवाली गच्चीवरून नाहीशी झाली. मी खिडकीची चौकट धरून उभी राहिले. तिने दार उघडलंच नाही तर काय? मघाशी ज्यांच्यावर चिडून मी बॅग भरली, त्यांची रस्त्यात शोभा होऊ नये म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते.

दार उघडलं. गच्चीवाली बाहेर आली, सासूबाईंपुढे उभी राहिली, त्यांच्या हातांतल्या बॅगांकडे तिने बघितलं आणि त्यांतली एक स्वतः घेतली. मग सगळे आत गेले. दार लागलं.

मी पलंगावर बसले, ना चादर, ना उशी. कपडे बाहेर काढावेत की आत ठेवावेत ते कळेना. बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं वाजली, एक एक पायरी थांबत चढणारी. सासूबाई माळ्याची खोली झाल्यापासून एकदाही वर आल्या नव्हत्या. गुडघ्याचं कारण सांगायच्या. आत आल्या आणि त्यांचं डोकं उतरत्या छपराला थडकलं.

"आई गं," त्या म्हणाल्या, आणि डोकं चोळत मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"लागलं का?"

"लागणारच. वाकायचं कुणी सांगितलंच नाही." त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. पिवळ्या भिंती, कडी, खिडकी. "छान केलीय गं खोली. मला वाटलं, अडगळीच्या जागेतच काहीतरी करून घेतलं असेल."

मी म्हटलं, "तुम्ही गेलात तिकडे."

"गेले. तिची मागची खोली रिकामी होती. तिच्याकडेही एकजण आला नाही म्हणे. तीसुद्धा जास्तीची घेते बुकिंगं, मला आज कळलं. इतकी वर्षं मला नावं ठेवत होती, आणि स्वतः दरवर्षी नवऱ्याला गच्चीवर झोपवते." त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. "चहा केला तिने. पातळ करते अजून."

"काय सांगितलंत तिला?"

"खरं तेच. खोली एक आहे शिल्लक, पण ती माझ्या सुनेची आहे, ती मी देत नाही."

मी उठून खिडकी लावली, मग पुन्हा उघडली.

मग त्यांना ती बॅग दिसली. उघडी, कपडे बाहेर आलेले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं असावं, कारण त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. त्यांनी बॅग मांडीवर ओढली, एक एक कपडा बाहेर काढला, गुडघ्यावर ठेवून हाताने सारखा केला आणि त्यांच्या पद्धतीची घडी घालायला लागल्या. ती माझ्या पद्धतीपेक्षा वेगळी असते, बाही आत दुमडून. मी एरवी ती परत मोडून घालते.

"मला दे ते कपाट उघडून," त्या म्हणाल्या.

मी कपाट उघडलं. त्या देत गेल्या, मी ठेवत गेले. शेवटचा कपडा ठेवून झाल्यावर त्यांनी रिकामी बॅग पायाने पलंगाखाली सरकवली. मी तशीच वाकले आणि त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी पाठीवर दोन-तीनदा थोपटलं, जरा अवघडून. आमच्या घरात हे फारसं चालत नाही.

"पुरे," त्या म्हणाल्या. "चादर घाल पलंगावर. आणि खाली ये लवकर. त्या दोघांचा सकाळचा नाश्ता आपल्याकडून, असं मी गच्चीवालीला कबूल करून आलेय. तिचीही पाच माणसं त्यांच्याबरोबर येणार आहेत, तिचा गॅस त्या चहाबरोबरच संपलाय."

"पाच? आई, टेबलं पुरतील का?"

"बघू," सासूबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "एखादा उशिरा उठतोच."